नाव-पत्ता सेव्ह करताना सरसकट कॅपिटल करणं थांबवायला पाहिजे, तुम्हाला काय वाटतं?

वर्धारोड_कोडर
मंडळी, विषय छोटा वाटेल पण मला खूप दिवसांपासून खटकून राहिलाय म्हणून धागा काढतो, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे विरोध करायला सोपं जाईल. आपल्या नागपुरात पतसंस्था, दवाखाने, कोचिंग क्लास, गांधीबागेतली ठोक दुकानं यांच्यासाठी जी सॉफ्टवेअरं बनतात त्यात सेव्ह बटण दाबलं की आधी प्रत्येक फील्डवर अप्पर फंक्शन चालतं आणि मग ते डेटाबेसमध्ये जातं. नाव, पत्ता, ईमेल, शेरा, सगळं कॅपिटल. जावात टूअप्परकेस, पायथनमध्ये अप्पर, पीएचपीत एसटीआरटूअप्पर, नाव वेगळं पण काम तेच. माझं म्हणणं, हे करायचंच नाही. माणसानं जे टाइप केलं ते तसंच्या तसं ठेवायचं, कॅपिटल करायचं ते दाखवताना नाहीतर शोधताना.

कारण असं की कॅपिटल केलेलं परत मूळ रूपात येत नाही. सध्या एका संस्थेचा जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणतोय, सगळा कॅपिटल, आणि त्यांना सभासदांना पाठवायच्या पत्रांवर नाव-पत्ता नीट हवाय, पहिलं अक्षर मोठं बाकी बारकी. आता प्रोग्रामनं तसं केलं की एनआयटी लेआउट मधला एन मोठा राहतो आणि आय-टी बारके होतात, म्हणजे वाचताना ते निट लेआउट होतं. व्हीएनआयटी तसंच, आरबीआय चौक तसंच, डब्ल्यूसीएल कॉलनी तसंच, आणि डिसूझा आडनावात स्वल्पविरामासारख्या चिन्हानंतरचा एस जो मोठा असायचा तो काही लायब्ऱ्या मोठा ठेवतात काही बारका करतात. हे सगळं हातानं यादी करून सुधारावं लागतंय, आणि ही माहिती कधीकाळी कोणीतरी बरोबर टाइप केलेली होती, सॉफ्टवेअरनं ती पुसली.

कोडची गोष्ट वेगळी. पॅन, आयएफएससी, जीएसटी नंबर, एमएच ३१ किंवा एमएच ४९ चा गाडी नंबर, हे ठरूनच कॅपिटल असतात, तिथे जरूर करा. पण नाव म्हणजे कोड नाही ना.

काउंटर_इतवारी
भाऊ मले नाही पटलं. मी बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतो अन् त्याचा सपोर्टही मीच देतो, तर काउंटरवर काय होते ते सांगतो. एंट्री करणारा पोरगा सकाळी वेगळा संध्याकाळी वेगळा, कॅप्स लॉक कधी चालू कधी बंद, एकाच गिऱ्हाइकाचं नाव एकदा पूर्ण बारकं, एकदा पहिलं अक्षर बारकं बाकी मोठी, एकदा सगळं मोठं असं पडून राह्यते. मालक रिपोर्ट काढते तर एकच माणूस तीन जागी, उधारी तीन जागी फुटलेली. कॅपिटल केलं की तिन्ही एक होतात, गोष्ट संपली. तुम्ही म्हणता मूळ टाइप केलेलं बरोबर होतं, मी सांगतो मूळच बरोबर नसते, तुमच्या संस्थेत एनआयटी बरोबर टाइप केलं असंनच याची काय गॅरंटी.

अन् सरकार काय करते पाहा ना. पॅन कार्डावर नाव कॅपिटल. पासपोर्टाच्या माहितीच्या पानावर खाली ज्या दोन ओळी असतात, ४४-४४ अक्षरांच्या, त्यात मोठी अक्षरं, आकडे अन् एक भरतीचं चिन्ह सोडून दुसरं काही चालतच नाही. बँकेचा फॉर्म घ्या, वरतीच लिहून असते कॅपिटल अक्षरात भरा. एवढ्या मोठ्या व्यवस्थेनं जे ठरवलं ते आम्ही दुकानात केलं तर काय बिघडलं. पॅनवरच्या नावाशी जुळवाचं असंन तर कॅपिटलच लागते.

वर्धारोड_कोडर
इतवारी भाऊ, उधारी तीन जागी फुटते हा त्रास खरा आहे, मी नाकारत नाही. पण ती फुटते कारण तुम्ही नावावर जुळवून राहिले. कॅपिटल केल्यावरही एकानं मधल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर टाकलं आणि दुसऱ्यानं पूर्ण टाकलं तर फुटणारच, दोन शब्दांत दोन स्पेस पडल्या तरी फुटणार. त्यासाठी गिऱ्हाइकाचा नंबर पाहिजे, मोबाइल पाहिजे. आणि जुळवताना दोन्ही बाजू कॅपिटल करून जुळवा ना, त्यासाठी साठवलेलं कशाला बदलायचं. पासपोर्टच्या त्या दोन ओळी मशीनसाठी आहेत, पण त्यातही नाव माणसाला वाचायला वर वेगळं छापलेलं असतंच.

जावा_जयताळा
मी वर्धारोडच्या बाजूनं, पण त्याचं एक वाक्य मला धोक्याचं वाटतं, ते म्हणजे दोन्ही बाजू कॅपिटल करून जुळवा. कॅपिटल करणं हे भाषेवर अवलंबून असतं हे आपण विसरतो. जावात टूअप्परकेस लिहिलं आणि कंसात काहीच दिलं नाही तर ते मशीनची भाषा धरतं. मशीन तुर्की भाषेवर असेल तर इंग्रजी बारक्या आयचं मोठं रूप साधा आय होत नाही, डोक्यावर टिंब असलेला मोठा आय होतो, कारण तुर्कीत दोन आय आहेत, एक टिंबवाला एक बिनटिंबाचा, आणि दोघांचं मोठं-बारकं रूप वेगवेगळं आहे. १९२८ साली त्यांनी लॅटिन लिपी घेतली तेव्हापासून असंच आहे. मग तुमचा टायटल हा शब्द कॅपिटल केला की त्यातला आय वेगळाच निघतो, कोडमधल्या ठरलेल्या शब्दाशी जुळत नाही आणि ॲप पडतं. इथे जयताळ्यात बसून कितीही टेस्ट करा, ही चूक दिसणारच नाही, ती दिसते फक्त त्या माणसाच्या फोनवर. उपाय फार सोपा, लोकेल म्हणजे भाषेची सेटिंग स्वतः सांगायची, कंसात लोकेल डॉट रूट द्यायचं. डॉटनेटमध्ये टूअप्परइन्व्हेरियंट आहे. जावास्क्रिप्टमध्ये साधं टूअप्परकेस मशीनची भाषा पाहतच नाही, पाहायची असेल तर टूलोकेलअप्परकेस वेगळं आहे, हे त्यांनी चांगलं केलं.

दुसरं, लांबी बदलते. जर्मनमध्ये एसझेट नावाचं एक अक्षर आहे, ते कॅपिटल केलं की दोन एस होतात. त्याचं मोठं रूप युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, २००८ ला आलं आणि जर्मनीच्या अधिकृत लेखन-नियमांत २०१७ ला, पण अप्पर फंक्शन अजूनही दोन एसच देतं. म्हणजे कॉलम २० अक्षरांचा ठेवला आणि २० अक्षरांचं नाव आलं तर कॅपिटल केल्यावर २१.

आणि तिसरं सुरक्षेचं. बिनटिंबाचा बारका आय कॅपिटल केला की साधा मोठा आय होतो. आता पासवर्ड विसरलो या पानावर कोणी दुसऱ्याचाच ईमेल टाकला पण त्यात एका जागी बिनटिंबाचा आय घातला, तर तुमची कॅपिटल करून केलेली तुलना म्हणते हो जुळला, आणि तुम्ही लिंक पाठवता कुठे, तर त्यानं टाइप केलेल्या पत्त्यावर. तो पत्ता चोराचा. म्हणून लिंक नेहमी डेटाबेसमधल्या पत्त्यावरच पाठवायची. बारकं करून तुलना केली तरी सुटका नाही, तापमानाच्या केल्विनचं वेगळं चिन्ह आहे, दिसायला के, ते बारकं केलं की साधा के होतो.

स्टार्टअप_धंतोली
थांबा जरा. इतवारी भाऊंचं गिऱ्हाईक कळमना, इतवारी आणि फार तर कामठीचं, त्यांना जर्मन एसझेट आणि तुर्की आय सांगून काय फायदा? मी हे सगळं वाचून आहे आणि तरी माझं मत असं की जे होणारच नाही त्यासाठी कोड लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणं. ज्या भाषेत फक्त ए ते झेड एवढीच अक्षरं कॅपिटल करायचं वेगळं फंक्शन आहे, जसं रस्टमध्ये टू-आस्की-अप्परकेस, ते वापरा, बाकी अक्षरांना हात लावू नका, तुर्की प्रश्नही आपोआप मिटतो. आणि जावा भाऊ, डॉटनेटचंच नाव घेतलं म्हणून सांगतो, त्यांच्या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये स्पष्ट नियम आहे की तुलनेसाठी मजकूर बारका न करता मोठा करा. म्हणजे कॅपिटल करणं हा काही गुन्हा नाही, शहाण्या लोकांनी विचार करून निवडलेली पद्धत आहे.

मिहान_भाषा
धंतोली दादा, तुर्की लांब आहे म्हणून सोडून द्या, पण हाच प्रश्न मराठीत आपल्या दारात उभा आहे. मी ॲप मराठीत आणण्याचं काम करते. फोनची भाषा मराठी ठेवली की अँड्रॉइडवर स्ट्रिंग-फॉरमॅटनं आकडे छापले तर ते देवनागरी येतात, कारण मराठीसाठी ठरलेले आकडेच देवनागरी आहेत. लोकेल न देता तारीख बनवली आणि सर्व्हरला पाठवली तर २०२४ असं देवनागरीत जातं आणि सर्व्हर म्हणतो तारीख चुकीची. हे हिंगण्याच्या, उमरेडच्या माणसाच्या फोनवर होतं, इस्तंबूलच्या नाही. मूळ दुखणं एकच, भाषा सांगितली नाही तर फंक्शन मशीनची भाषा धरतं. टूअप्परकेसला लोकेल द्यायची सवय ज्याला लागली तो तारखेलाही देतो. म्हणून मला ती सवय महत्त्वाची वाटते, तुर्कीचा ग्राहक असो नसो.

जुनी_फाईल_बर्डी
माझा मुद्दा वेगळाच आहे आणि इथे अजून कोणी काढला नाही याचं नवल वाटतं. मी सीताबर्डीवर डीटीपीचं काम करून मोठा झालो आणि आता जुन्या कार्यालयांचा डेटा युनिकोडमध्ये आणतो. आपल्या विदर्भात अजून कितीतरी जागी मराठी मजकूर क्रुतीदेव फॉन्टमध्ये आहे. तो दिसतो मराठी, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ती इंग्रजी अक्षरं असतात, फक्त फॉन्ट मराठी चढवलेला. आणि त्या फॉन्टमध्ये बारकं आणि मोठं अक्षर म्हणजे दोन वेगळी मराठी चिन्हं. बारका डी म्हणजे पूर्ण क, मोठा डी म्हणजे अर्धा क्. बारका ई म म्हणून, मोठा ई अर्धा म् म्हणून. नागपूर हा शब्द त्या फाईलमध्ये यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे असा बारक्या अक्षरांत असतो. आता त्या कॉलमवर कोणी अप्पर चालवलं की न चा अर्धा न् होतो, काना जाऊन तिथे ज्ञ येतो, ग आणि प अर्धे होतात, र चा श्र होतो. पूर्ण गावाचं नाव गेलं.

वर्धारोड म्हणतात कॅपिटल केलेलं परत येत नाही, इंग्रजीत निदान वाचता तरी येतं, इथे वाचताही येत नाही. एका कार्यालयाची यादी माझ्याकडे अशीच आली होती, कोणी तरी नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना सगळ्या कॉलमवर अप्पर लावलं आणि इंग्रजी कॉलमबरोबर मराठी कॉलमही त्यात गेले, छापील रजिस्टर होतं म्हणून परत टाइप करता आलं. तर जे लोक म्हणतात काय बिघडलं त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की कॉलममध्ये कोणता फॉन्ट आहे हे पाहिल्याशिवाय हात लावू नका.

काउंटर_इतवारी
बर्डी भाऊ हे मले माहीत नव्हतं, आमच्याइथे क्रुतीदेव नाही पण हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तरी मुद्दा तोच, इंग्रजी नावाच्या कॉलमले काहून नको?

शिकवणारी_मॅडम
मी डिप्लोमाला सी शिकवते. इथली चर्चा वाचून एक काळजी वाटते की नवीन मुलं हे वाचतील आणि म्हणतील अप्पर फंक्शन वाईट, लायब्ररी वाईट, सगळंच वाईट. तसं नाहीये. मोठ्या ए चा क्रमांक ६५, बारक्या ए चा ९७, फरक ३२, आणि हा फरक मुद्दाम असा ठेवला की फक्त एक बिट बदललं की मोठ्याचं बारकं होतं. हे क्रमांक ज्या आस्की तक्त्यातले, त्याची पहिली आवृत्ती १९६३ ला आली त्यात बारकी अक्षरं नव्हती, ती १९६७ च्या आवृत्तीत आली. त्याआधीच्या टेलिप्रिंटरच्या पाच बिटांच्या कोडमध्ये तर बारक्या अक्षरांना जागाच नव्हती. फॉर्मवर कॅपिटल भरा ही जी पद्धत इतवारीवाल्यांनी सांगितली तिच्यामागे काही पवित्र कारण नाही, एक म्हणजे हातानं लिहिलेलं वाचता यावं आणि दुसरं म्हणजे जुन्या यंत्रांची मर्यादा, आणि ती मर्यादा जाऊन जमाना झाला. यंत्राची अडचण संपली तरी आपण ती पाळत बसायची हे मला पटत नाही.

पण मुलांकडून मी लूप लिहूनच घेते, अक्षर ए ते झेड च्या मध्ये आहे का पाहा आणि मगच ३२ वजा करा. न पाहता वजा केलं तर १ हा आकडा, ज्याचा क्रमांक ४९, तो १७ होतो, म्हणजे न दिसणारं कंट्रोल कॅरेक्टर. महिरपी कंसाचा चौकोनी कंस होतो. हे स्वतः करून पाहिलं की फंक्शन आत काय करतं ते कळतं. आणि हो, सी मध्ये टूअप्परला ऋण संख्या गेली तर काय होईल याची भाषा कोणतीही हमी देत नाही, बऱ्याच मशीनवर कॅरेक्टर हा प्रकार अधिक-वजा चिन्हासकट असतो, म्हणजे मराठी मजकुराचा प्रत्येक बाइट ऋण ठरतो. आधी अनसाइन्ड म्हणजे बिनचिन्हाचं करून पाठवायचं, हे मी परीक्षेत विचारते.

वर्धारोड_कोडर
मॅडम, बाइटचा विषय निघाला म्हणून एक जोडतो, कारण पीएचपीवाले आपल्याकडे भरपूर आहेत. युनिकोडमधलं देवनागरी अक्षर यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट नेहमी २२४ असतो. आता जुन्या लॅटिन-१ तक्त्यात २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला बारका ए, त्याचं मोठं रूप १९२. पीएचपी ८.२ च्या आधी एसटीआरटूअप्पर हे सर्व्हरचं लोकेल पाहायचं, ते लॅटिन-१ वालं लावलेलं असलं की प्रत्येक मराठी अक्षराचा २२४ चा १९२ व्हायचा, आणि १९२ हा बाइट यूटीएफ-८ मध्ये चालतच नाही. लिपीत लहान-मोठं नाही म्हणून आपल्याला धोका नाही असं वाटत असेल तर हे पाहा, सगळा मजकूर चौकोनी खोके. ८.२ पासून ते फंक्शन लोकेल पाहत नाही, पण जुने सर्व्हर चालूच आहेत. एमबी-एसटीआरटूअप्पर वापरायचं, कायमचं.

डीबीए_सक्करदरा
सगळे कोडच्या बाजूनं बोलून राहिले, डेटाबेसच्या बाजूनं मी सांगतो. साठवताना करू नका आणि शोधताना अप्पर लावा हे म्हणायला सोपं आहे, पण कॉलमवर अप्पर लावून शोधलं की त्या कॉलमचा साधा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, कामाला येत नाही, पूर्ण टेबल वाचलं जातं. लाखो नोंदी असल्या की काउंटरवर रांग लागते आणि मग शिव्या मला. इतवारी भाऊ साठवतानाच कॅपिटल करतात त्यामागे हे एक खरं कारण आहे आणि ते कोणी मान्य केलं नाही.

पण उपाय आहेत. मायएसक्यूएल ८ मध्ये जे कोलेशन, म्हणजे तुलनेचा नियम, आपोआप लागतं ते लहान-मोठं अक्षर एकच धरतं, म्हणजे तिथे अप्पर लावायची गरजच नाही आणि तरी लोक लावतात आणि इंडेक्स वाया घालवतात. पोस्टग्रेसमध्ये तसं नाही, तिथे लहान-मोठं वेगळं, मग एकतर एक्सप्रेशनवर, म्हणजे अप्पर केलेल्या रूपावर, इंडेक्स बनवा नाहीतर लहान-मोठं न पाहणारा सीआयटेक्स्ट प्रकार घ्या. माझी पसंती मात्र जनरेटेड कॉलमला. नाव जसं टाइप झालं तसं एका कॉलममध्ये, आणि त्याच्यावरून डेटाबेसनं स्वतः बनवलेला शोधायचा दुसरा कॉलम, इंडेक्स त्याच्यावर. कोडवाल्यानं विसरायचा प्रश्न नाही. जागा थोडी जास्त लागते, लागू द्या.

एक गोष्ट मात्र वर्धारोडच्या विरोधात. पॅन, आयएफएससी कॅपिटल करा म्हणाले, पण करून गप्प बसू नका. आयएफएससी ११ अक्षरांचा, पाचव्या जागी शून्य असतं, लोक तिथे ओ टाकतात, कॅपिटल केल्यानं तो ओ फक्त मोठा ओ होतो. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, हा साचा तपासा. आणि वेबपेजवाले सीएसएसनं इनपुट कॅपिटल दाखवतात, टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म लावून, आणि समजतात झालं काम. ते फक्त दिसायला, सर्व्हरला बारकंच येतं. माझ्याकडे बारके पॅन असेच येतात.

जावा_जयताळा
सक्करदरा भाऊ, शोधायच्या कॉलमसाठी अप्पर नको, केस-फोल्डिंग पाहिजे, म्हणजे खास तुलनेसाठी लहान-मोठं एक करणं. पायथनमध्ये ३.३ पासून केसफोल्ड वेगळं दिलंय ते ह्याचसाठी. ग्रीकमध्ये सिग्माची बारकी रूपं दोन आहेत, शब्दाच्या शेवटी वेगळं आणि इतर जागी वेगळं, मोठं एकच. नुसतं बारकं करून तुलना केली तर एकच शब्द दोनदा येतो. केसफोल्ड दोन्ही एक करतं.

स्टार्टअप_धंतोली
परत ग्रीक. सक्करदराचा दोन कॉलमवाला उपाय मला मान्य आहे, कारण तो सगळ्यांना समजतो आणि खर्च कमी. बाकी भाषांसाठी तेव्हा पाहू जेव्हा गिऱ्हाईक येईल, आणि मूळ मजकूर शाबूत असला तर तेव्हा शोधायचा कॉलम परत बनवता येईलच. हे मी वर्धारोडच्या बाजूनं म्हणतोय हे लक्षात घ्या.

मिहान_भाषा
शोधायच्या कॉलमवर एवढी चर्चा झाली आणि सगळी इंग्रजी अक्षरांवर, तर मराठीचं सांगते कारण मला हे जास्त जवळचं आहे. आपल्याकडे लहान-मोठं अक्षर नाही, अप्पर आणि केसफोल्ड दोन्ही मराठीला जसंच्या तसं सोडतात. पण एकच शब्द दोन प्रकारे साठण्याचा त्रास आपल्यालाही आहे आणि त्याच्यासाठी कोणी फंक्शन आयतं दिलेलं नाही. वऱ्हाडपांडे हे आपल्या भागातलंच आडनाव घ्या. त्यातला ऱ्ह दोन तऱ्हेनं टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, खाली टिंब असलेलं, मग पाय मोडून ह. दुसऱ्यावर साधा र, पाय मोडून, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ह. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं. डेटाबेसला दोन वेगळी माणसं. युनिकोडचं जे नॉर्मलायझेशन आहे, एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं, तेही या दोघांना एक करत नाही.

बरेच जण न दिसणारं चिन्ह कचरा समजून काढून टाकतात. ते काढलं की र चा रफार होतो, दऱ्या चा दर्या होतो, दरीच्या जागी समुद्र. म्हणून काढायचं नाही, त्या जागी ऱ बसवायचा. दुसरं ॲ. युनिकोडमध्ये ॲ हे अक्षर २००८ ला आलं, त्याआधी आणि अजूनही लोक अ वर चंद्र देऊन लिहितात, दिसायला तेच, तुलना केली की वेगळं. ॲड हा वकिलांच्या नावाआधीचा शब्द कोर्टाच्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये किती येतो विचार करा.

माझा वर्धारोड यांना विरोध एवढाच की जसं टाइप केलं तसं ठेवा हे मराठीत पूर्ण लागू होत नाही. ऱ्ह चं कोणतं रूप आलं हे माणसानं ठरवलेलं नसतं, कीबोर्डनं ठरवलेलं असतं. तिथे साठवतानाच एक रूप करायला मला काही गैर वाटत नाही, काहीच माहिती जात नाही त्यात.

वर्धारोड_कोडर
ताई, हे पटतं आणि माझ्या म्हणण्याशी भांडतही नाही. माणसानं निवडलेलं पुसायचं नाही एवढंच मला म्हणायचं. डिसूझाचा मोठा एस माणसानं निवडलाय. एनआयटी माणसानं निवडलंय. ऱ चा कोड कोणी निवडत नाही.

काउंटर_इतवारी
मी निवडलंय असं म्हणता, माझा एंट्रीवाला पोरगा काहीच निवडत नाही भाऊ, तो रांग संपवून राह्यला असते. हे तुमी समजूनच घेत नाही. त्याच्या हातून आलेलं जसंच्या तसं बिलावर छापलं तर मालक मले फोन करते की छपाई घाणेरडी दिसते. म्हणून बिलावर मी कॅपिटलच छापणार, यात बदल नाही. दोन कॉलमचं मात्र करून पाहतो, नवीन गिऱ्हाइकाले पहिले लावतो. एक विचारायचं होतं सक्करदरा भाऊ, त्या शोधायच्या कॉलममध्ये मिहान ताईंनी सांगितलेलं ऱ चं पण होते का, आमच्या दोन-तीन दुकानात नावं मराठीत टाकतात.

डीबीए_सक्करदरा
होते ना. जनरेटेड कॉलमच्या व्याख्येत रिप्लेस लावायचं, र, हलंत आणि ते जोडचिन्ह असे तीन कोड सापडले की त्या जागी ऱ आणि हलंत, नंतर अ आणि चंद्र असे दोन सापडले की ॲ, आणि शेवटी लोअर. गिऱ्हाइकानं शोधायला जे टाकलं त्यावरही हेच तिन्ही चालवायचं, नाहीतर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक असं होईल. आणि जुन्या डेटावर चालवायच्या आधी बॅकअप घ्या, आणि मराठी कॉलम उघडून पाहा की आत देवनागरीचे कोड आहेत की बर्डी भाऊ म्हणतात तशी इंग्रजी अक्षरं. क्रुतीदेव निघालं तर तो कॉलम यातून बाहेर ठेवा, आधी युनिकोडमध्ये आणा.

जुनी_फाईल_बर्डी
ओळखायची सोपी खूण सांगतो, फॉन्ट काढून साध्या नोटपॅडमध्ये उघडा. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली आणि त्यात बारकी-मोठी मिसळलेली असली तर फाईल शाबूत आहे, रूपांतर करून मिळेल. सगळी मोठीच दिसली तर कोणी तरी आधीच अप्पर चालवून गेलंय, छापील रजिस्टर शोधायला घ्या.